आत्तीनं मोडलेली वाट

आत्ती, तू गेल्यापासून गल्लीत एक गोष्ट बोलली जाते आहे, आणि ती तुला कुणीतरी सांगायला हवी. अक्काताईंचं म्हणणं असं की तू खेट्याची वाट मोडलीस म्हणून गेलीस. देवाला निघाल्यावर मध्येच वाट बदलायची नसते, तू बदललीस, आणि दहा दिवस होतात न होतात तोवर... पुढचं वाक्य त्या पूर्ण करत नाहीत. तळहात उलटा करून दाखवतात.

मी हे पहिल्यांदा तुझ्या दहाव्याच्या दिवशी ऐकलं. बायका ओट्यावर बसल्या होत्या आणि मी चहाचे कप गोळा करत होते. ऐकणाऱ्या सगळ्यांनी मान हलवली. तू वाट का बदललीस हे त्या ओट्यावर फक्त मला माहीत होतं. मी कप आत नेऊन ठेवले.

माझ्या ऑफिसात पुण्याची एक मुलगी आहे. तिला मी मागे एकदा खेटे म्हणजे काय ते समजावलं होतं. माघ महिन्यातले पाच रविवार कोल्हापुरातून पहाटे चालत निघायचं, पंचगंगा ओलांडून वडणगे, निगवे, कुशिरे करत जोतिबाच्या डोंगरावर चढायचं, दर्शन घ्यायचं आणि वडापच्या, म्हणजे सीट भरून सुटणाऱ्या जीपमधून घरी यायचं. ती म्हणाली, "ओह, म्हणजे ट्रेक!" मी हो म्हटलं, कारण हो म्हटलं की संभाषण संपतं. तुला हे सांगितल्यावर तू म्हणालीस, "तिला म्हणावं अनवाणी ये. मग कळंल ट्रेक का काय त्ये."

मी जात होते ते देवासाठी की तुझ्यासाठी, हे तू कधी विचारलं नाहीस. मला वाटतं तुला माहीत होतं. मी बारावीत असताना पहिल्यांदा आले आणि नंतर येत राहिले, कारण तुझ्याबरोबर चालताना बोलावं लागत नसे. तू प्रश्न विचारायचीस आणि उत्तरही तूच द्यायचीस. "काय गं, पाय दुखला? न्हाई दुखत. तरणी हाईस." घरी पाहुणे आले की मला बाहेर बोलावलं जायचं आणि मी दारात उभी राहून पायाच्या अंगठ्याकडे बघत बसायचे, तेव्हा तू म्हणायचीस, "इंग्लिश शाळेनं हिचं तोंड शिवलंय. चल गं, खाली मिरच्या निवडायच्यात." त्यात मिरच्या निवडण्याचं काम खरं असायचं, पण मला तिथून उठवणं हेही खरं असायचं. तुझे आभार मी तेव्हा मानले नाहीत. आपल्याकडे घरातल्या माणसांचे आभार मानत नाहीत, हे मला सोयीचं पडलं.

खेट्याला तू सगळ्यांच्या पुढे असायचीस. मंगळवार पेठेतल्या आपल्या गल्लीतल्या सात-आठ बायका, मागे मी, आणि सगळ्यांत पुढे पदर खोचलेली तू. कुशिऱ्याच्या पुढे गायमुखाचा जिना सुरू झाला की तुझा वेग वाढायचा. आणि जी बसेल तिला तू सोडायची नाहीस. बहुतेक वेळा अक्काताईच बसायच्या. त्या जाडजूड, त्यात गुडघे धरलेले. तू वरच्या वळणावरून ओरडायचीस, "बसली बघा, बसली! देवा, तूच जरा खाली ये बाबा, अक्कीला काय वर यायला जमंना!" ओळखीचे, अनोळखी सगळे हसायचे. अक्काताई खालून काहीतरी जोरदार परत करायच्या. मग हातात चप्पल नसताना चप्पल मारल्यासारखं करायच्या.

तुम्ही दोघी अशाच होतात. त्यांचं भाजणं आणि तुझं कांडणं. चटणीचा मसाला त्या त्यांच्या घरी भाजणार, पातेली आपल्या घराखालच्या तुझ्या कांडपात, मशीनवर कुटायला आणणार, आणि मिरची किती, मीठ किती यावर तुम्ही रोज भांडणार. वर माझ्या खोलीत लॅपटॉपसमोर बसून मी ते ऐकत असे. माझ्या कॉलवरचे लोक विचारायचे, "इज एव्हरीथिंग ओके देअर?" मी म्हणायचे, मशीन आहे.

यंदाच्या दुसऱ्या रविवारी मला पहिल्यांदा काहीतरी दिसलं. जिन्यावर तू नेहमीसारखी पुढे होतीस, पण वळणावळणावर थांबत होतीस. एकदा मागच्या बायकांना वाट देतेस असं दाखवलंस. एकदा पायातला काटा काढायला वाकलीस. मी तुझ्या मागेच होते. तुझ्या पायात काटा नव्हता. वाकलेल्या अवस्थेत तू तोंडानं श्वास घेत होतीस आणि तुझी मान घामानं भिजली होती, त्या गार सकाळी. मला वाटलं, मिरचीची धूळ. तुझ्या कांडपात सगळेच खोकतात, गिऱ्हाईकं तोंडाला पदर लावून उभी असतात, त्यामुळे तू खोकलीस, थांबलीस, छातीवर हात ठेवलास तरी कुणाला काही वाटत नसे. ठसका लागला म्हणायचे.

तिसऱ्या रविवारी कुशिऱ्यातल्या चहाच्या टपरीवर तू कप खाली ठेवलास आणि सांगून टाकलंस, "ह्या खेपेला पोहाळ्याच्या अंगानं जायचं."

पोहाळे हे शेजारचं गाव. त्या बाजूनं डोंगराला आडवी एक पायवाट जाते, गुरं चारणाऱ्यांची. जिना नाही, पायऱ्या नाहीत, सावलीही फारशी नाही.

अक्काताई म्हणाल्या, "का? जिना कुणी चोरून न्हेला?"

"तीच तीच वाट. कटाळा आला."

"कटाळा आला म्हणून नवरा बदलतंय व्हय कोण?"

"माझा तर देवानं न्हेला. बदलून काय दिला न्हाई."

सगळ्या हसल्या, तूही. तेवढ्यात विषय संपला असता. पण अक्काताई हसत नव्हत्या. त्यांनी चहा तसाच धरून ठेवला होता. "सुमे, चेष्टा न्हाई. दोन खेटं जिन्यानं झालं. आता मधीच वाट मोडायची न्हाई. पुढच्या वर्षी जा की कुठनं जायचं तिकडनं."

"देव वर हाय का न्हाई? मग खालनं कुठनं बी निघालं तरी वरच जातंय."

"मग तू जा. आमी येत न्हाई."

तू बाकीच्यांकडे पाहिलंस. शोभाकाकू कपात बघत बसल्या. त्या कायम तुझ्या बाजूच्या, पण देवाच्या गोष्टीत त्यांना कुणाचीच बाजू घ्यायची नव्हती. मग तू माझ्याकडे पाहिलंस. "तनू, चल."

मला विचारलं नव्हतंस. मी पिशवी उचलली.

गाव मागे पडेपर्यंत तू ताठ चाललीस. उसाच्या शेताच्या पलीकडे वाट वळली, बायका दिसेनाशा झाल्या, आणि तू पहिल्या दगडावर बसलीस. "हां. आता बसायला हरकत न्हाई."

तू बराच वेळ बसलीस. मी समोर उभी होते. खाली ऊस, एका गुऱ्हाळाचा धूर, लांब नदीचं वळण. डोंगराचं गवत वाळून पिवळं झालं होतं आणि काही ठिकाणी जाळलेलं होतं. मी हे सगळं नीट बघितलं, कारण तुझ्याकडे बघायचं नव्हतं. मग तूच सांगितलंस. दिवाळीनंतर डॉक्टरकडे जाऊन आली होतीस. हृदयाची एक झडप नीट उघडत नव्हती. "दार अडकलंय म्हणतोय. पावसात फुगून अडकतंय बघ, तसं." ऑपरेशन सांगितलं होतं.

"कधी करणार?"

"खेटं होऊंदेत. मग चटणीचा सीझन हाय. मिरग निघाला की करतो."

"आधी ऑपरेशन कर. मिरची थांबेल."

"मिरची थांबत न्हाई, तनू. ओल धरती."

मी विचारलं, डॉक्टरांनी डोंगर चढायला परवानगी दिली आहे का. तू माझ्याकडे असं पाहिलंस जसं मी अगदीच साधी गोष्ट विसरले आहे. "जिना चढायचा न्हाई म्हणून सांगितलंय. म्हणून तर हिकडनं आलोय की."

मला हसू आलं. तुझ्या बोलण्यात पकडायला कधी काही सापडायचं नाही. डॉक्टरांनी जिना म्हटलं होतं, डोंगर म्हटलं नव्हतं. आणि तू डॉक्टरांचा शब्द मोडलेला नव्हतास, अशा खात्रीनं तू उठून पुन्हा चालू लागलीस.

बाबांना सांगायचं नाही, असं तू मला दोनदा बजावलंस. "दादाला कळलं तर कांडपाला कुलूप घालंल." आणि गल्लीत तर मुळीच नाही. आजारी बाईच्या हातचं तिखट कोण नेतंय, असं म्हणालीस. मग थोडं चालून, माझ्याकडे न बघता, "आन् त्या अक्कीसमोर मी जिन्यावर बसू व्हय? येवढी वर्षं तिला हसलो."

मी विचारलं, "मग मलाच का आणलंस?"

"तू बोलत न्हाईस म्हणून."

या वाक्याकडे मी आजवर बऱ्याच बाजूंनी पाहिलं आहे. त्यात माया होती का, की मी फक्त बंद पेटी म्हणून कामाची होते? तू जिवंत असतीस तरी मी हे तुला विचारलं नसतं. आता विचारायला हरकत नाही, पण आता उत्तर नाही.

चौथ्या रविवारी आपण पुन्हा त्याच वाटेनं गेलो. अक्काताई त्या आठवड्यात तुझ्याशी बोलत नव्हत्या. मसाला आणून ठेवायच्या आणि जायच्या. त्या रविवारी मी माझ्या मानानं भांडले. म्हणजे चालताना एकदाच म्हटलं, "मी बाबांना सांगणार आहे." तू म्हणालीस, "सांग." मग अर्धी वाट तू एक शब्द बोलली नाहीस. तुझ्या गप्प बसण्याची मला सवय नव्हती. माझ्या गप्प बसण्याचं लोकांना काय होत असेल ते मला त्या अर्ध्या वाटेत कळलं. देवळाचं शिखर दिसायला लागल्यावर तू म्हणालीस, "पाचवा झाला की मीच सांगतो दादाला. बास?" मी म्हटलं, बास.

त्या बुधवारी दुपारी मी कॉलवर होते आणि खालचा मशीनचा आवाज बंद झाला. मला बरं वाटलं. समोरच्याचं बोलणं नीट ऐकू यायला लागलं. मग अक्काताईंची हाक आली, "तनेऽ!" त्यांनी मला त्याआधी कधी नावानं हाक मारली नव्हती. मशीन त्यांनीच बंद केलं होतं. तू मिरच्यांच्या पोत्याला टेकून बसली होतीस आणि तुझी साडी अगदी नीट होती. ती त्यांनीच नीट केली असणार.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाबांना झडपेचं सांगितलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, मला माहीत होतं, ती रविवारनंतर तुम्हाला सांगणार होती. बाबा म्हणाले, "ती कुणाचं ऐकत होती?" त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "अटॅक आला, अचानक" एवढंच सांगत राहिले. त्यांचा तुझ्याशी काही ठरलेला करार नव्हता. पण बहुधा त्यांनाही वाटलं असेल, तुला जे कळू द्यायचं नव्हतं ते आपण कशाला कळू द्यावं.

माझ्या जागी दुसरं कुणी असतं, तर त्यानं ‘आधीच सांगितलं असतं तर’ यावर बरंच काही लिहिलं असतं. मी तो विचार केला आणि बाजूला ठेवला. तू डॉक्टरकडे स्वतःच्या पायानं गेली होतीस आणि त्यांचं ऐकून स्वतःच्या पायानं डोंगरावर. मी बरोबर होते. तेवढंच माझं काम होतं.

नंतरचे दिवस गर्दीचे गेले. तुझ्याकडे कांडायला दिलेल्या मिरच्यांच्या पिशव्या तशाच होत्या, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. भेटायला आलेल्या बायका आधी रडायच्या, मग थोडा वेळ जाऊ द्यायच्या आणि मग हळूच पिशव्यांकडे बघायच्या. अक्काताईंनी त्या सगळ्या ज्याच्या त्याला पोचवल्या. घरात अजून तिखट उडतं. पडदा हलवला तरी नाक हुळहुळतं. त्यामुळे कोण रडतं आहे आणि कुणाला ठसका लागला आहे ते सांगता येत नव्हतं. माझी त्यात सोय झाली.

आणि या सगळ्यात ते वाक्य फिरत राहिलं. वाट मोडली. चांगली धडधाकट बाई, पहाटे उठून डोंगर चढणारी, अचानक जाते, तर त्याला काहीतरी कारण हवं. खरं कारण कुणाकडे नव्हतं, म्हणून अक्काताईंनी दिलं. भाजीवाल्या मावशीनं मला ते सांगितलं, जणू मला माहीत नसेल. समोरच्या घरातल्या नव्या सुनेला तिच्या सासूनं बजावलं, की खेटे धरलेस तर सुमाताईंसारखं करू नको. मी खिडकीत होते. म्हणजे तुझ्या नावावर हे आता कायमचं राहणार होतं. तू इतकी वर्षं सगळ्यांच्या पुढे चाललीस ते नाही, शेवटचे दोन रविवार वेगळ्या वाटेनं गेलीस ते. पुढच्या बायकांना घाबरवायला.

सांगितलं तर हे थांबणार होतं. पण सांगायचं नाही, असं तू म्हणाली होतीस, आणि माझ्यावर विश्वास ठेवलास तो मी बोलत नाही म्हणून. मी दोन्ही बाजू ऑफिसच्या कामासारख्या समोर मांडल्या. दोन्ही सारख्याच वजनाच्या भरल्या. दरम्यान मी काही केलं नाही, जे मला चांगलं जमतं.

पाचवा खेटा राहिला होता. तुझे दिवस झाल्यावर अक्काताई घरी आल्या. त्यांनी डोंगरावरच्या गुरवांना फोन करून विचारलं होतं, राहिलेला खेटा नंतरच्या रविवारी केला तर चालतो का. चालतो म्हणाले. त्या मला म्हणाल्या, "सुमीच्या नावानं करायचा. तू तिचं रक्त, तू पुढं चाल. आन् जिन्यानं जायचं. मोडलेलं सांधायला पायजे." मी हो म्हटलं. का ते तुला माहीत आहे, संभाषण संपतं म्हणून.

गेल्या रविवारी आम्ही गेलो. मी पुढे होते, पण नावालाच, कारण मागच्या बायका हळू चालत होत्या आणि मला त्यांच्यापुढे जाऊन उभं राहायला संकोच वाटत होता. ऊन आता वाढलं आहे. कुशिऱ्यात त्याच टपरीवर थांबलो. टपरीवाल्यानं आमच्याकडे नजर फिरवली आणि विचारलं, "त्या मावशी न्हाईत आल्या? पुढं असायच्या त्या, दांडग्या आवाजाच्या?"

अक्काताई म्हणाल्या, "वारल्या. वाट मोडली मधीच. तिसऱ्या खेट्याला तिकडनं पोहाळ्याकडनं गेल्या, आन् मग..." आणि तळहात उलटा केला.

टपरीवाला च्च करून म्हणाला, "देवाचं असतंय बाबा." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मला दिसलं की तो हे आज दिवसभर सांगणार. खेट्याचे नसले तरी रविवारी माणसं येतात. प्रत्येकाला चहाबरोबर तू मिळणार होतीस.

मी म्हटलं, "वाट मोडली म्हणून नाही."

कुणाला ऐकू गेलं नाही. माझा आवाज असाच आहे. मी पुन्हा म्हटलं. यावेळी शोभाकाकू वळल्या, मग सगळ्याच.

"आत्तीच्या हृदयाची झडप खराब होती. दिवाळीपासून. डॉक्टरांनी तिला जिना चढू नको सांगितलं होतं. म्हणून ती त्या वाटेनं गेली. वाटेमुळे काही झालं नाही. झालं होतं म्हणून वाट बदलली."

एवढं सलग मी या बायकांसमोर कधीच बोलले नव्हते. माझे कान गरम झाले होते. टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला, त्यालाही ऐकायचं होतं. बरं झालं.

अक्काताईंनी कप खाली ठेवला. "तुला कवापास्नं म्हाईत?"

"तिसऱ्या रविवारपासून."

"तिनं सांगितलं?"

"हो."

"मला न्हाई सांगितलं."

मला वाटलं होतं त्या ओरडतील. का लपवलंस, का बोलली नाहीस, पोरीसारखी पोर असून. त्यातलं काही झालं नाही. त्या फक्त म्हणाल्या, "रोज येतो मी तिच्याकडं. रोज. पातेली घिऊन."

मी म्हटलं, "तिला तुमच्यासमोर जिन्यावर बसायचं नव्हतं. ती तुम्हाला हसायची, म्हणून."

"मग मी काय हसलो असतो व्हय तिला?"

"हसली असतीस की," शोभाकाकू म्हणाल्या.

अक्काताईंनी त्यांच्याकडे रागानं पाहिलं. मग मान हलवली. "व्हय. हसलो असतो. मग? हसून झाल्यावर बसलो असतो की तिच्यासंगट."

शोभाकाकूंनी पदर तोंडाला लावला, आणि तिथे तर मिरची नव्हती.

आत्ती, मी तुझा शब्द मोडला. तो कुठे मोडला आणि कुणासमोर, हे तुला कळावं म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे. तू रागावली असतीस, आणि तुझा राग मी त्या चौथ्या रविवारी पाहिला आहे, अर्ध्या वाटेचा असतो. तेवढा मला झेपेल. पण तुझं नाव घेऊन कुणाला घाबरवलं जाणार नाही. ते मला झेपत नव्हतं.

अक्काताई उठल्या. बाकीच्यांना म्हणाल्या, "तुमी जिन्यानं जावा. तिचा खेटा पुरा करा." मग माझ्याकडे वळून, "कुठनं न्हेलतीस तिला? दाव."

मी म्हटलं, ती वाट लांबची आहे, ऊन आहे, तुमचे गुडघे.

"गुडघं माझं हाईत. दाव म्हटलं न्हवं."

आम्ही दोघी निघालो. उसाच्या पलीकडे वळलो. अक्काताई तुझ्याहून हळू चालतात, पण थांबत नाहीत, हे मला नव्यानं कळलं. जिन्यावर बसायच्या त्या कदाचित तू ओरडावंस म्हणून. कदाचित नाही. मी त्यांना विचारलं नाही.

एका चढावर मात्र त्या थांबल्या. कमरेवर हात ठेवले आणि वर पाहिलं. वाट डोंगराला वळसा घालत, वर जाते की नाही असं वाटावं इतक्या सावकाश, लांब पलीकडे गेली होती. उजव्या अंगाला खूप लांबवर जिन्यावरची रंगीत लुगडी दिसत होती. आमच्यानंतर निघालेल्या बायका जवळजवळ वर पोचल्या होत्या.

"अजून किती हाय?"

"अर्धं झालं."

"अर्धंच?" त्यांनी एकदा मागे पाहिलं, एकदा पुढे. मग दगड शोधून धपकन बसल्या, चेहरा पुसला आणि समोरच्या मोकळ्या उतारावर, माझ्याकडे न बघता, तुला म्हणाल्या, "अगं बाई, सुमे! ह्याच्या निम्म्यात जिना संपतोय की गं. येवढं चालायची ताकद हुती, तर मला एक शबूद सांगायला काय झालतं तुला?"

उत्तर मी टपरीवर एकदा दिलं होतं, पण पुन्हा ते तुझ्या वतीनं दिलं नाही. ते तुमचं तुम्ही बघा.